काळीच्या मुखावरचा सदाशिवगड : बेळगाव भागातून जाणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर आणि निपाणी या भागांतून कारवारकडे निघणारी मंडळी सदाशिवगडाविषयी जे प्रश्न पुन्हापुन्हा पाठवतात, ते येथे उत्तरांसह एकत्र केले आहेत. एकाच गोष्टीचा दोनदा उल्लेख होऊ नये म्हणून आवश्यक तेथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. सदाशिवगड नेमका कुठे आहे? तो डोंगर आहे, किल्ला आहे की गाव?

तिन्ही आहे, आणि म्हणूनच घोटाळा होतो. उत्तर कन्नड जिल्ह्याच्या कारवार तालुक्यात काळी नदी अरबी समुद्राला जिथे मिळते, त्या मुखाच्या उत्तर काठावर पाण्यात पाय सोडून बसल्यासारखा एक सपाट माथ्याचा डोंगर आहे. त्या डोंगरावरच्या किल्ल्याचे नाव सदाशिवगड, आणि पायथ्याच्या चित्ताकुला परिसरातल्या वस्तीलाही लोक सदाशिवगडच म्हणतात. समोरच्या दक्षिण काठावर कोडीबाग आणि त्यापलीकडे कारवार शहर आहे. उत्तरेला दहा-बारा किलोमीटरांवर पोळे येथे गोव्याची हद्द लागते. मुंबईहून गोव्यामार्गे मंगळुरूकडे जाणारा ६६ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग हा डोंगर कापूनच पुलावर येतो. त्यामुळे हजारो लोक रोज सदाशिवगडाच्या पोटातून जातात आणि त्यांतल्या बहुतेकांना आपण एका किल्ल्यातून गेलो याची कल्पना नसते.

२. नकाशावर शोधले तर सदाशिवगड कराडजवळ दाखवतो. मग खरा कोणता?

दोन्ही खरे आहेत. सातारा जिल्ह्यात कराडच्या जवळ सदाशिवगड नावाचा किल्ला आहे आणि बेळगावहून पुण्याला जाताना तो वाटेवरच पडतो, परंतु त्याचा समुद्राशी काही संबंध नाही. नावांचा हा सापळा एवढ्यावर थांबत नाही. कारवारच्या सदाशिवगडासमोर देवबाग आहे आणि मालवणजवळही देवबाग आहे. कारवारच्या समुद्रात देवगड नावाचे बेट आहे आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यात हापूससाठी प्रसिद्ध असलेले देवगड आहे. मोबाइलवर मार्ग टाकताना नावापुढे ‘कारवार’ हा शब्द न चुकता लिहावा. चालकाला फक्त ‘देवबाग’ एवढेच सांगून बेळगावहून निघालात, तर तो आंबोली उतरून मालवणला नेईल आणि त्यात त्याचा दोष नसेल.

३. चढण किती आहे? घरातल्या वयस्कर माणसांना जमेल का?

डोंगराची उंची समुद्रसपाटीपासून जेमतेम साठ-सत्तर मीटर आहे. बेळगाव शहर समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरांवर वसलेले असल्यामुळे आपण गड चढायला निघतो आणि प्रत्यक्षात घराच्या अंगणापेक्षा कितीतरी खाली जाऊन पोचतो, ही गंमत लक्षात ठेवण्यासारखी आहे. येळ्ळूरचा राजहंसगड ज्यांनी चढला आहे, त्यांना ही चढण किरकोळ वाटेल. वर जाण्यासाठी रस्ता आहे, आणि पायी निघाले तरी सावकाश चालणारा माणूसही फार वेळ घेत नाही. अडचण उंचीची नाही, दमट उकाड्याची आहे. बेळगावच्या कोरड्या, वाऱ्याच्या हवेची सवय असलेल्या माणसाला घाटाखाली उतरल्यावर सकाळी दहानंतर घामाने भिजायला वेळ लागत नाही. वयस्कर मंडळी बरोबर असतील तर सकाळी लवकर किंवा उन्हे कलल्यावर जावे आणि पाणी बरोबर ठेवावे.

४. वर पाहण्यासारखा किल्ला शिल्लक आहे का?

ज्यांना बुरूज, दरवाजे, सदर आणि तटावरून फिरण्याची वाट हवी आहे, त्यांची येथे निराशा होते, आणि आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींपैकी निम्म्याहून अधिक याच एका गोष्टीच्या असतात. तटाचे काही भाग आणि अवशेष दिसतात. माथ्यावर दुर्गादेवीचे मंदिर आहे, तिथे लोकांचा राबता असतो. पायथ्याच्या वस्तीत पीराचा जुना दर्गा आहे आणि तेथेही सर्व धर्मांचे लोक जातात. मात्र किल्ला म्हणून मन भरावे असे बांधकाम उरलेले नाही, महामार्गाच्या कापणीनेही बरेच नेले आहे.

आमचे मत असे की, सदाशिवगडावर दगड मोजायला जाऊच नये. तेथे किल्ला का बांधला गेला हे ज्या जागेवर उभे राहून डोळ्यांना कळते, ती जागा अजून शाबूत आहे, आणि तिथून दिसणारा नदीमुखाचा प्रदेश हेच या डोंगराचे खरे धन आहे. त्याविषयी पुढच्या प्रश्नात सविस्तर लिहिले आहे.

५. वरून काय काय दिसते? कोणत्या दिशेला काय आहे हे कसे ओळखावे?

काळीच्या मुखाकडे तोंड करून, म्हणजे दक्षिणेकडे पाहत, उभे राहावे. पायाशी नदीचे रुंद पात्र आणि महामार्गाचा पूल, पलीकडे कोडीबागेची नारळाची झाडे, त्यामागे कारवार शहर आणि शहरामागे थेट समुद्रापर्यंत येऊन ठेपलेले डोंगर दिसतात. त्या डोंगरांच्या आडोशामुळेच कारवारचे बंदर वाऱ्यापासून सुरक्षित राहिले.

उजवीकडे, म्हणजे पश्चिमेला, देवबागचा वाळूचा पट्टा आहे. किनाऱ्याला समांतर पसरलेली वाळू, तिच्यावर सुरूची दाट रांग आणि मागे शांत खाडी, असा तो प्रदेश आहे. नदी वाळू आणून टाकते आणि समुद्राच्या लाटा ती किनाऱ्याच्या कडेने ढकलत नेतात. या दोघांच्या ओढाताणीतून असे पट्टे तयार होतात आणि दर पावसाळ्यानंतर त्यांचे टोक थोडे बदललेले असते. त्याच्या पलीकडे समुद्रात बेटे दिसतात. जवळचे आणि हिरवे ते कुर्मगड. त्याच्याही पुढे, दीपगृह असलेले, ते देवगड.

डावीकडे, म्हणजे पूर्वेला, काळीचे खाडीपात्र आत आत जाताना दिसते. पात्रात खारफुटीने वेढलेली लहान बेटे आहेत आणि त्यामागे सह्याद्रीच्या एकामागून एक रांगा आहेत. ही नदी जोयडा तालुक्यात डिग्गी गावाजवळ उगम पावते आणि सुमारे १८४ किलोमीटरांचा प्रवास करून येथे येते. वाटेत सुपा, कोडसळ्ळी आणि कद्रा येथे तिला धरणांनी अडवले आहे. सुपा धरणात जुने सुपे गाव गेले आणि तालुक्याचे ठाणे जोयड्याला आले, हे खानापूर-लोंढा भागातल्या जुन्या माणसांना ठाऊक आहे. त्यांच्यातल्या अनेकांची सोयरीक त्या बाजूला होती. वरून जे पाणी संथ दिसते, ते त्या सगळ्या प्रवासानंतरचे पाणी आहे.

एक गोष्ट मात्र घाईने पाहून दिसत नाही. भरती आत शिरू लागली की समुद्राचे हिरवट पाणी आणि नदीचे मातकट पाणी यांची पुलाच्या आसपास गाठ पडते आणि तेथे फेस, पालापाचोळा व काटक्यांची एक वाकडी रेघ तयार होते. ही रेघ हळूहळू नदीत वर सरकते. लहान होड्या तिच्या कडेकडेने जाळी टाकताना दिसतात, कारण मासळी त्या रेघेला येते. वर अर्धा-पाऊण तास बसण्याची तयारी असेल तरच हे लक्षात येते; छायाचित्र काढून लगेच उतरणाऱ्यांच्या वाट्याला ते येत नाही.

६. हा डोंगर असा सपाट माथ्याचा आणि लाल का आहे? इथे समुद्रालगत डोंगर कसे आले?

माथ्यावरचा लाल, भोकाभोकांचा दगड म्हणजे जांभा. उष्ण हवामान, भरपूर पाऊस आणि त्यानंतरचा कोरडा काळ असे चक्र दीर्घकाळ चालले की खडकातली सिलिका पाण्याबरोबर वाहून जाते आणि लोह व ॲल्युमिनियमची ऑक्साइडे मागे उरतात. त्यांचाच जांभा होतो. खाणीतून नुकता काढलेला जांभा कुऱ्हाडीने तासता येतो आणि हवेवर राहिला की कडक होतो, म्हणून कोकण-गोव्यातली घरे त्याच्या चिऱ्यांनी बांधली गेली आणि किल्लेही. जांभ्याच्या कठीण थराखाली डोंगर सावकाश झिजतो, त्यामुळे माथा टेबलासारखा सपाट राहतो आणि बाजू उताराच्या होतात.

मात्र या भागाचा मूळ खडक बेळगावसारखा नाही. बेळगावच्या आसपास दख्खनच्या काळ्या बेसाल्टची दक्षिण हद्द येते, आणि तो बेसाल्ट साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे. घाट उतरून कारवारकडे जाताना आपण जो खडक ओलांडतो, तो अडीच अब्ज वर्षांहूनही जुना आहे. एका दिवसाच्या प्रवासात एवढ्या वयाचे अंतर पार होते, ही गोष्ट शाळेच्या सहलीत मुलांना जरूर सांगावी.

समुद्रालगत डोंगर येण्याचे कारण असे की, कारवारजवळ सह्याद्रीच्या सोंडा किनाऱ्यापर्यंत पोचतात आणि सपाट किनारपट्टी फारच अरुंद राहते. शेवटच्या हिमयुगानंतर समुद्राची पातळी सुमारे १२० मीटरांनी वाढली, तेव्हा सोंडांमधल्या दऱ्यांत पाणी शिरले. नदीची मुखे रुंद झाली आणि सोंडांची काही टोके मुख्य भूमीपासून तुटून बेटे झाली. कुर्मगडाकडे बुडालेल्या डोंगराचा माथा म्हणून पाहिले की सदाशिवगडाशी त्याचे नाते लगेच जुळते.

७. सदाशिवगड छत्रपती शिवाजी महाराजांनी बांधला का?

नाही. हा प्रश्न आमच्या भागातून सर्वांत जास्त येतो आणि त्यामागची भावना समजण्यासारखी आहे, तरीही उत्तर स्पष्टच द्यायला हवे. सदाशिवगड सोंद्याच्या राजाने, बसवलिंगाने, १७१५च्या सुमारास बांधला आणि आपले वडील सदाशिव यांचे नाव त्याला दिले. सोंदे म्हणजे शिरसीजवळचे छोटे संस्थान. महाराजांचे निधन १६८० साली झाले होते. म्हणजे किल्ला त्यानंतर सुमारे पस्तीस वर्षांनी उभा राहिला.

महाराजांचा या किनाऱ्याशी संबंध मात्र पक्का आहे. फेब्रुवारी १६६५मध्ये त्यांनी समुद्रमार्गे जाऊन बसरूर लुटले, परतताना गोकर्णाला तीर्थस्नान केले आणि त्यानंतर ते कारवारला आले. तेथील इंग्रज वखारीने त्या वेळी ११२ पौंड खंडणीदाखल दिले, हे इंग्रजांच्याच कागदांतून कळते. पुढे १६७५मध्ये फोंडा घेतल्यावर अंकोला, कारवार, शिवेश्वर आणि कद्रा ही ठाणी मराठ्यांच्या हाती आली. म्हणून ‘महाराज या भागात आले होते का’ असे कोणी विचारले तर होय म्हणावे आणि ‘हा किल्ला त्यांनी बांधला का’ असे विचारले तर नाही. दिवाळीत मुलांनी सदाशिवगडाची प्रतिकृती करू नये असे आमचे म्हणणे नाही. फक्त पाटीवर सोंद्याचे नाव लिहावे. कराडच्या सदाशिवगडाचा इतिहास या किल्ल्याला चिकटवण्याचा प्रकारही बराच चालतो, त्यासाठी प्रश्न २ पाहावा.

८. किल्ला पुढे कोणाकोणाकडे गेला?

नदीचे मुख ज्याच्या हातात, त्याच्या हातात आतला व्यापार, हे सूत्र धरले की पुढचे सगळे कळते. घाटावरची मिरी आणि कापड या वाटेने जहाजांवर चढत असे, म्हणून सतराव्या शतकातच इंग्रजांनी कारवारला वखार घातली होती. सोंद्याच्या किल्ल्याआधीही येथे, चित्ताकुल्याला, विजापूरकरांचे ठाणे होते आणि सोळाव्या शतकाच्या आरंभीच्या पोर्तुगीज लेखनात त्याचा उल्लेख येतो.

सदाशिवगड १७५२ साली पोर्तुगीजांनी सोंदेकरांकडून जिंकला. पोर्तुगीज त्याला ‘पिरो’ म्हणत. जवळच्या पीराच्या स्थानावरून ते नाव पडले. पुढे १७६३च्या सुमारास हैदर अलीने सोंदे घेतले आणि हा किल्लाही त्याच्या ताब्यात गेला. सोंद्याच्या राजाने गोव्यात पोर्तुगीजांचा आश्रय घेतला आणि त्याचे घराणे फोंड्याजवळ बांदोड्याला राहिले; गोव्यातला फोंडा व काणकोणचा प्रदेश पोर्तुगीजांकडे जाण्याची कथा याच घडामोडींतून सुरू होते. टिपूच्या पाडावानंतर, १७९९मध्ये, हा मुलूख इंग्रजांकडे आला.

९. रवींद्रनाथ टागोर सदाशिवगडावर आले होते असे सांगतात. खरे आहे का?

ते कारवारला आले होते, एवढे निर्विवाद आहे. त्यांचे थोरले बंधू सत्येंद्रनाथ तेथे न्यायाधीश होते आणि १८८०च्या दशकाच्या आरंभी, बाविशीच्या आसपास असलेले रवींद्रनाथ त्यांच्याकडे राहिले. ‘प्रकृतीर प्रतिशोध’ हे नाट्यकाव्य त्यांनी कारवारलाच लिहिले, आणि शहरातल्या किनाऱ्याला आज त्यांचेच नाव आहे. आठवणींमध्ये त्यांनी एका चांदण्या रात्री होडीतून काळी नदीत वर गेल्याचे आणि शिवाजीच्या एका जुन्या डोंगरी किल्ल्यापाशी उतरल्याचे लिहिले आहे. हा किल्ला म्हणजे सदाशिवगडच, असे सर्रास सांगितले जाते. परंतु सदाशिवगड मुखावरच आहे आणि होडी तर प्रवाहाच्या उलट दिशेने वर गेली होती. शिवाय किल्ला शिवाजी महाराजांचा नाही (प्रश्न ७). त्यामुळे पाहुण्यांना हे सांगताना ‘असे मानतात’ हे दोन शब्द जोडणे बरे.

१०. बेळगावहून कोणत्या रस्त्याने जावे?

मुख्य रस्ते तीन आहेत आणि आमची पसंती पहिल्याला आहे.

खानापूर, लोंढा, रामनगर, जोयडा, कुंभारवाडा आणि मग अणशी घाट उतरून कद्र्यावरून सदाशिवगड, हा सर्वांत जवळचा मार्ग. अंतर दीडशे किलोमीटरांच्या थोडे वर आहे, पण चार तास तरी धरावेत. जोयड्यानंतर रस्ता काळी व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलातून जातो, वस्ती विरळ आहे आणि मोबाइलला बराच वेळ रेंज मिळत नाही. इंधन रामनगरपर्यंत भरून घ्यावे आणि घाट उजेडात उतरावा. हा रस्ता म्हणजे बिदर जिल्ह्यातल्या औरादपासून सदाशिवगडपर्यंत येणाऱ्या राज्य महामार्गाचा शेवटचा तुकडा आहे. कर्नाटकाच्या ईशान्य टोकाला सुरू झालेला रस्ता याच डोंगराच्या पायथ्याशी संपतो.

दुसरा मार्ग गोव्यातून. चोर्ला घाट उतरून साखळी, फोंडा, मडगाव, पुढे करमल घाटातून काणकोण आणि पोळ्याची हद्द ओलांडून सदाशिवगड. अंतर अधिक आहे, परंतु वस्ती, हॉटेले आणि दवाखाने वाटेवर असल्यामुळे लहान मुले बरोबर असलेले अनेक जण हाच पत्करतात. मडगावच्या आसपास वाहतुकीत वेळ जातो, हे गृहीत धरावे.

तिसरा मार्ग हल्याळ-यल्लापूरवरून अरबैल घाटाने अंकोला आणि तिथून कारवार. हा बराच लांब पडतो. यल्लापूर किंवा गोकर्णही करायचे असेल तरच याचा विचार करावा. वायव्य कर्नाटक परिवहन मंडळाच्या बेळगाव-कारवार बस आहेत. कोणती बस कोणत्या घाटाने जाते ते स्थानकावर विचारूनच बसावे.

११. काळी नदीवरचा पूल पडला ना? मग सदाशिवगडला पोचता येते का?

येते. ७ ऑगस्ट २०२४च्या मध्यरात्रीनंतर काळीवरचा जुना पूल कोसळला आणि त्यावरून जाणारा एक ट्रक नदीत पडला; चालकाला स्थानिक मच्छीमार आणि पोलिसांनी वाचवले. हा पूल १९८०च्या दशकातला होता. चौपदरीकरणात त्याच्या शेजारी नवीन पूल आधीच बांधलेला होता, आणि तपासणीनंतर वाहतूक त्यावरून दोन्ही दिशांनी सुरू झाली.

येथे एक बारकावा अनेकांच्या लक्षात येत नाही. सदाशिवगड नदीच्या उत्तर काठावर असल्यामुळे अणशी घाटाने किंवा गोव्यातून येणाऱ्याला हा पूल ओलांडावाच लागत नाही. पूल लागतो तो कारवार शहरात जायचे असेल तेव्हा, किंवा अंकोल्याकडून येत असाल तर. पुलावर गाडी थांबवून छायाचित्रे काढू नयेत. तेच दृश्य डोंगरावरून अधिक चांगले आणि बिनधोक दिसते.

१२. रेल्वेने जाता येते का?

बेळगावहून लोंढा, कॅसलरॉक आणि कुळे या मार्गाने मडगाव गाठावे आणि तेथून कोकण रेल्वेने कारवारला जावे. सदाशिवगडच्या बाजूला अस्नोटी स्थानक आहे, पण तेथे मोजक्याच गाड्या थांबतात. दुधसागराचा घाट पाहण्याची हौस असेल तर हा प्रवास सुंदर आहे. वेळ वाचवण्याचा हेतू असेल तर रस्ता बरा.

१३. कोणत्या महिन्यात आणि दिवसाच्या कोणत्या वेळी जावे?

ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत. त्यातही पाऊस नुकताच सरलेला असताना, दिवाळीच्या मागेपुढे, हवा स्वच्छ असते आणि पूर्वेच्या रांगा दूरपर्यंत उलगडतात. मार्चनंतर क्षितिजावर धुरकटपणा येतो आणि बेटे फिकट दिसू लागतात.

सगळेच सूर्यास्ताला जातात. हिवाळ्यात सूर्य नैर्ऋत्येकडे सरकलेला असल्यामुळे तो कुर्मगड-देवगडच्या बाजूला मावळतो आणि ते दृश्य चांगलेच असते, यात वाद नाही. तरीही प्रदेश समजून घ्यायचा असेल तर सकाळी जावे. सूर्य सह्याद्रीच्या मागून वर येतो, उजेड आपल्या पाठीमागून समुद्रावर पडतो, पाण्याचे रंग वेगवेगळे ओळखता येतात आणि वर गर्दी नसते. संध्याकाळी प्रकाश डोळ्यांवर येतो आणि सगळी बेटे एकसारख्या काळ्या आकृत्या होतात.

१४. देवबाग आणि कुर्मगडला होडीने जाता येते का? ते सुरक्षित आहे का?

पावसाळा सोडून इतर दिवसांत होड्या जातात. कुर्मगडावर नरसिंहाचे मंदिर आहे आणि पौष पौर्णिमेच्या सुमारास तेथे जत्रा भरते. त्या दिवशी कारवारहून मोठ्या संख्येने होड्या सुटतात. २१ जानेवारी २०१९ रोजी याच जत्रेहून परतणारी होडी उलटून १६ जणांचा मृत्यू झाला. त्यात मुले होती. म्हणून आमचा आग्रह आहे की, प्रत्येकाला, लहान मुलांनाही, अंगात घालायला जीवरक्षक जॅकेट मिळाले नाही तर होडीत बसू नये आणि होडी भरलेली वाटली तर पुढच्या होडीची वाट पाहावी. नदीच्या मुखाशी ओहोटीचा जोर आणि समोरून येणारी लाट एकत्र आल्या की वरून शांत दिसणारे पाणी अचानक उसळते. नावाड्याने ‘आज नको’ म्हटले तर त्याच्याशी वाद घालू नये.

१५. समोर दिसणारे बेट म्हणजे अंजदीव का? आणि ड्रोन उडवता येतो का?

नाही, समोरचे बेट कुर्मगड आहे. अंजदीव कारवारच्या दक्षिणेला, बंदराच्या डोंगरापलीकडे आहे. ते कर्नाटकाच्या किनाऱ्याजवळ असूनही प्रशासकीयदृष्ट्या गोव्याचे आहे, आणि सध्या नौदलाच्या ताब्यात असल्यामुळे सामान्य पर्यटकाला तेथे उतरता येत नाही. २००५ साली कार्यान्वित झालेला आयएनएस कदंब हा नौदलाचा मोठा तळ त्याच बाजूला आहे. त्यामुळे ड्रोनच्या बाबतीत कारवार परिसर संवेदनशील आहे. परवानगी हातात असल्याशिवाय तो बॅगेतून बाहेर काढू नये.

१६. तिथे मराठी चालते का? हा भाग सीमाप्रश्नात येतो का?

घरोघरी कोंकणी, कार्यालयात कन्नड, आणि मराठी बहुतेकांना समजते, असे चित्र आहे. उत्तर कन्नड जिल्हा १८६२ मध्ये मुंबई इलाख्यात आला आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगावबरोबरच तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. मधल्या काळात इथल्या अनेकांची शाळा आणि पत्रव्यवहार मराठीत होता. महाराष्ट्राच्या मागणीत कारवारचाही समावेश आहे आणि २००४ साली दाखल झालेला दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. प्रवासी म्हणून जाणाऱ्याला याची झळ लागत नाही. बाजारात दोन शब्द कोंकणीचे वापरले तर भाव कमी होत नाही, पण बोलणे मात्र वाढते.

१७. मासे कधी चांगले मिळतात?

१ जून ते ३१ जुलै यंत्रहोड्यांच्या मासेमारीला बंदी असते, तेव्हा समुद्राची ताजी मासळी कमी आणि महाग असते. ऑगस्टनंतर बांगडा आणि तारली, थंडीत इसवण. खाडीतल्या तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, ही काळीची खास देणगी. त्या मिळाल्या तर इसवणाचा हट्ट सोडावा, असे आमचे मत आहे.

१८. पावसाळ्यात गेले तर चालेल का? आमची सुट्टी तेव्हाच असते.

डोंगर म्हणून चालेल, प्रवास म्हणून विचार करावा लागेल. बेळगावला वर्षाकाठी सव्वा हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो, तर कारवारला सुमारे ३,००० मिलिमीटर, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. जांभ्याचा माथा त्या दिवसांत हिरवागार असतो, नदी लाल होऊन वाहते आणि मुखापासून समुद्रात दूरपर्यंत तिचा पट्टा दिसतो. पण पायवाटेचा दगड शेवाळाने निसरडा होतो, ढग उतरले की दहा पावलांपुढचे दिसत नाही आणि होड्या बंद असतात.

खरी काळजी घाटाची आहे. अणशी घाटात दरड कोसळून रस्ता बंद झाल्याचे प्रसंग घडलेले आहेत, आणि १६ जुलै २०२४ रोजी अंकोल्याजवळ शिरूर येथे राष्ट्रीय महामार्गावरच डोंगर खचून माणसे गेली. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये जायचेच असेल तर निघण्याच्या आदल्या रात्री आणि सकाळीही जिल्हा प्रशासनाचा इशारा पाहावा. जिल्ह्यात रेड अलर्ट असेल तर बेत पुढे ढकलावा. अणशी बंद असेल तर गोव्याचा मार्ग (प्रश्न १०) उपलब्ध राहतो, मात्र चोर्ला आणि करमल हेही घाटच आहेत. कद्रा धरणातून पाणी सोडण्याची सूचना असेल तर नदीकाठच्या सखल भागात गाडी लावू नये.